एका हातानं जमेल अशी बाबागाडी

गाडी घ्यायची ठरली तेव्हा बाळाला तिसरा महिना लागला होता आणि त्यानं अजून मान धरली नव्हती. आमची सगळी शोधाशोध सुरुवातीला या एकाच गोष्टीभोवती फिरली. चाकं, रंग, कप ठेवायची जागा वगैरे सगळं नंतर. मान न धरलेलं मूल थोडं जरी बसतं ठेवलं तरी डोकं पुढे कलंडतं, हनुवटी छातीला टेकते आणि मुळातच अरुंद असलेली श्वासाची वाट आवळली जाते. त्यात ते रडतही नाही. बघणाऱ्याला वाटतं, काय छान झोपलंय! म्हणून पहिले काही महिने सपाट झोपवता येईल अशीच गाडी घ्या, असं आमच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात "पूर्ण आडवी होते" असं लिहिलेल्या बऱ्याच गाड्या आडव्या होत नाहीत, नुसत्या मागे रेलतात. नवऱ्यानं यावर स्वतःचा उपाय काढला. मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप उघडायचं आणि फोन सरळ गाडीच्या पाठीवर ठेवायचा. दुकानातला मुलगा आधी गालातल्या गालात हसत होता. थोड्या वेळानं तोच एकेक गाडी ओढून आणून "सर, हिचा बघा" म्हणायला लागला. डोळ्याला सपाट वाटणारी पाठ फोनवर चांगलीच तिरकी निघायची.

दुसरी खोट कापडात असते. काही गाड्यांची पाठ म्हणजे दोन दांड्यांमधे ताणलेलं कापड, खाली फळीचा आधार नाही. रिकामी असताना सपाट दिसते, पण तळहातानं दाबलं की मधे झोळ पडतो. बाळाचं वजन पडल्यावर पाठ त्या झोळात वाकणार आणि हनुवटी पुन्हा छातीवर येणार. म्हणून दिसेल ती गाडी दाबून बघायची मला सवयच लागली. माहितीपुस्तिकेत "जन्मापासून" लिहिलंय की "६ महिन्यांपुढे", हेही पहिल्याच पानावर असतं. तेवढं वाचलं तरी निम्म्या गाड्या यादीतून आपोआप गळतात.

ताईच्या माळ्यावर तिच्या मुलीची जुनी गाडी होती. "अगं, नवी कशाला घेतेस? ही घेऊन जा, धूळ खात पडलीये," असं ती प्रत्येक फोनवर सांगायची. ती होती छत्रीसारखी मिटणारी, खांद्याला अडकवून जिना चढता येईल अशी हलकी. हा नमुना मूळचा ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्याचा. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यानं काम केलं होतं, आणि १९६५ साली विमानाचं तेच ज्ञान लावून त्यानं ॲल्युमिनियमच्या नळ्यांची मिटणारी बाबागाडी काढली. वजन होतं पावणेतीन किलोच्या आसपास. आजोबा झालेल्या माणसाला लेकीची अवजड गाडी बघून हे सुचलं, असं सांगतात. मला ही हकिगत फार आवडते. पण गाडी कितीही हुशारीनं बनवलेली असली तरी तिची पाठ आडवी होत नाही, म्हणजे ती बसत्या मुलाची गाडी. आमचं बाळ अजून पालथंही पडत नव्हतं. ताईला हे समजावताना तिला वाटलं, जुनी म्हणून नको म्हणतेय.

खरं म्हणजे जुनी असण्यालाही माझी हरकत नव्हती. वापरलेली गाडी घेताना बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत: पट्टे कुठे उसवलेत का, बक्कल पहिल्या झटक्यात बसतं का, ब्रेक दोन्ही चाकांना धरतो का, आणि बनावटीची तारीख आणि मॉडेल क्रमांकाचं लेबल शाबूत आहे का. लेबल असेल तर ते मॉडेल कंपनीनं कधी परत मागवलं होतं का, हे शोधता येतं. हा नुसता कागदी सोपस्कार नाही. २००९ मध्ये अमेरिकेत एका कंपनीनं सुमारे १० लाख गाड्यांसाठी बिजागरीवर बसवायची आवरणं वाटली, कारण गाडी उघडताना लहान मुलांच्या बोटांची टोकं त्या बिजागरीत सापडून तुटली होती. पुढच्याच वर्षी तिथे आणखी एका कंपनीच्या सुमारे २० लाख गाड्या परत मागवल्या गेल्या. त्यात पट्टा न लावलेली तान्ही मुलं पुढचा ट्रे आणि बैठक यांच्या फटीतून खाली सरकत होती. अंग निसटायचं, डोकं अडकायचं. काही मुलं दगावली.

ही दुसरी बातमी वाचल्यापासून मी दुकानात गाडीकडे समोरून बघायच्या आधी तिच्या पट्ट्याकडे बघायला लागले.

पट्टा पाच ठिकाणी धरणारा हवा: दोन खांदे, कमरेच्या दोन्ही बाजू आणि पायांमधून एक. पायांमधला पट्टा सर्वांत महत्त्वाचा, कारण मूल खाली सरकतं ते तिथूनच. नुसता कमरेला बांधणारा पट्टा असेल तर मूल एक तर उभं राहतं, नाही तर खालून घसरतं. एवढं बहुतेकांना माहीत असतं आणि आजकाल बहुतेक गाड्यांना पाच ठिकाणचा पट्टा असतोही. खरी परीक्षा तो लावायची आहे.

काही बक्कलं अशी असतात की खांद्याचा तुकडा कमरेच्या तुकड्यात अडकवायचा, तो तसाच धरून ठेवायचा, दुसऱ्या बाजूला तेच करायचं आणि मग दोन्ही जोड्या मधल्या खाचेत एकदम सरकवायच्या. शांत बसलेल्या बाहुलीवर हे सहज जमतं. आम्ही दुकानात पाण्याच्या बाटल्या भरलेली एक सॅक घेऊन गेलो होतो, साधारण आठ-नऊ किलोची. ती बैठकीत ठेवून मी डावा हात सॅकवर दाबून धरला, जसा चुळबुळणाऱ्या मुलाच्या पोटावर धरावा लागेल तसा, आणि फक्त उजव्या हातानं बक्कल लावायला गेले. पहिला तुकडा बसवेपर्यंत दुसरा निसटून पाठीमागे गेला. नवरा म्हणाला, "अगं, सोडायला जमतंय तुला, लावायला नाही." अगदी बरोबर. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, सवय होते." होत असेलही. पण संध्याकाळी कुणाची तरी हाक आलीये, बाळ किंचाळतंय, आणि "कोपऱ्यापर्यंतच तर जायचंय" असं वाटतंय, तेव्हा काय होईल याचा मला भरवसा नव्हता. लावायला कटकटीचं बक्कल चार दिवसांत लावेनासं होतं. त्या २० लाख गाड्यांनाही पट्टे होतेच की.

तिथून पुढे मी प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारायला लागले: दमलेली असताना, एका हातानं, हे मी करीन का?

शेवटी घेतलेल्या गाडीत खांद्याचे आणि कमरेचे तुकडे आधीच एकमेकांना जोडलेले आहेत. डावा आत, उजवा आत, झालं. सोडायचं बटण मात्र चांगलंच घट्ट आहे, माझा अंगठा पांढरा पडतो दाबताना. ते तसंच असायला हवं, कारण उद्या त्याच बटणावर बाळाची बोटं फिरणार आहेत. खांद्याच्या पट्ट्याची उंची बदलायलाही पाठीमागचं कापड सोडवून पट्टे ओवून काढावे लागत नाहीत, वरखाली सरकवले की पुरतं. पट्टे खांद्याच्या पातळीतून यायला हवेत आणि पट्टा व छाती यांच्यामधे आपली दोन बोटं जेमतेम जायला हवीत. ज्या गाडीत ओवाओवी आहे तिथे पट्टा पहिल्या महिन्यात जिथे असतो तिथेच वर्षभर राहतो, हे मी ओळखीतल्या दोन-तीन घरांत पाहिलंय.

ब्रेकचंही तसंच. एक पायपट्टी दाबली की मागची दोन्ही चाकं अडकतात ती पद्धत चांगली. दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असले की माणूस एकच लावतो. मग गाडी पुढे जात नाही, पण त्या एका चाकाभोवती गिरकी घेते. माझ्या दृष्टीनं कळीचा मुद्दा चपलेचा होता. काही ब्रेक दाबून लागतात, पण सोडायला पायाच्या बोटांनी पट्टी वर उचलावी लागते. बुटात ठीक आहे. चपलेत ती पट्टी थेट अंगठ्याच्या नखाला लागते. मी दुकानात मुद्दाम चप्पल घालून गेले होते. सोडताना दुखणारा ब्रेक लोक अर्धवटच लावतात, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. अर्धवट लागलेला ब्रेक ओळखायचा उपाय सोपा: लावल्यावर गाडीला एक हलका धक्का देऊन बघायचा. दुकानाच्या दारातल्या उतारावर सॅकसकट आम्ही तेच केलं, आणि एक देखणी, भारी गाडी तिथेच हळूहळू घरंगळायला लागली.

ऑस्ट्रेलियातल्या नियमांत ब्रेकची पट्टी लाल रंगाची आणि मनगटात अडकवायची दोरी गाडीबरोबर असणं सक्तीचं आहे. २००९ मध्ये मेलबर्नच्या ॲशबर्टन स्थानकात एका आईचा हात क्षणभर सुटला आणि गाडी फलाटाच्या उतारावरून थेट येणाऱ्या रेल्वेसमोर पडली. कॅमेऱ्यानं टिपलेलं ते दृश्य जगभर दाखवलं गेलं. बाळ किरकोळ दुखापतीवर बचावलं, पण मी ते दृश्य दुसऱ्यांदा पाहू शकले नाही. सपाट दिसणाऱ्या फलाटालाही उतार असतो. आमच्या गाडीला दोरी नव्हती, ती वेगळी घेतली. तरी उतारावर थांबताना गाडी उताराला आडवी लावायची, हा आमचा घरचा नियम.

चाकांची पारख दुकानात होत नाही. तिथल्या फरशीवर कुठलीही गाडी गुणीच असते. आम्ही विनंती करून गाडी बाहेर नेली आणि फरशीच्या फटी, खडी, फुटपाथची उंच कड असं सगळं पाहिलं. लहान, टणक चाक फटीत आपटून थांबतं. मोठं चाक त्याच फटीवरून निघून जातं. चाक थांबलं की ढकलणाऱ्याच्या वजनानं मागची बाजू उचलली जाते, म्हणून हा सुखाबरोबर सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. हवेची चाकं सर्वांत मऊ चालतात, पण पंप आणि पंक्चर सांभाळावं लागतं. आम्ही फोम भरलेली घेतली, मागे स्प्रिंग असलेली. पुढची चाकं गरकन फिरणारी हवीत, आणि खडबडीत रस्त्यावर ती सरळ अडकवून ठेवायची खिट्टीही हवी, नाही तर ती थरथरत आडवी होतात. सॅक आत ठेवून एका हातानं ढकललं तर गाडी सरळ जाते का, हेही बघावं. दोन वेगळ्या मुठी असलेल्या गाड्या एका हातानं नेहमी एका बाजूला ओढतात. सलग आडवी दांडी असलेली गाडी हे निमूट करते.

दांडीच्या उंचीवरून घरात थोडी चर्चा झाली. नवरा चांगलाच उंच, सासूबाई ठेंगण्या, आणि दुपारचा फेरा त्याच मारणार होत्या. दांडी कोपराच्या थोडी खाली यावी आणि मनगट न मुडपता धरता यावी. एकाच उंचीची दांडी असलेल्या गाडीला नवरा वाकून ढकलत होता आणि त्याची पावलं मागच्या आसाला लागत होती. सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं: "मला बाळ दिसलं पाहिजे. रस्ता दिसला काय नि नाही काय, रस्ता मला पाठ आहे." दोघांचंही भागेल अशी वरखाली होणारी दांडी मिळाली.

बाळाचं तोंड आपल्याकडे की रस्त्याकडे, हा प्रश्न त्यांच्या त्या वाक्यानं जवळजवळ निकालातच निघाला. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांनी यावर अभ्यास केला होता. रस्त्यावरच्या २,७२२ जोड्यांचं, म्हणजे मूल आणि त्याला फिरवणारं मोठं माणूस यांचं, निरीक्षण झालं. बाळाचं तोंड आपल्याकडे असेल तर मोठी माणसं त्याच्याशी दुपटीहून जास्त वेळा बोलत होती. त्याच अभ्यासातल्या एका छोट्या प्रयोगात अशी मुलं झोपण्याची शक्यताही जास्त दिसली. यावरून लगेच गाडीमुळे मूल लवकर बोलायला लागतं असं म्हणणं ताणल्यासारखं होईल. पण तान्ह्या बाळाचा श्वास, रंग, तोंडावर आलेलं दुपटं दिसत राहावं, एवढं कारण मला पुरेसं होतं. फिरवता येणाऱ्या बैठकीची कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत विल्यम रिचर्डसन यांनी तिचं पेटंट १८८९ मध्येच घेतलंय. अडचण एवढीच की अशा गाड्या जड होतात आणि काही गाड्या मिटवायच्या आधी बैठक उचलून वेगळी करावी लागते. म्हणजे बाळ कडेवर, बैठक हातात आणि सांगाडा जमिनीवर. आम्ही बैठकीसकट मिटणारी शोधली. वजन किलोभर जास्त पडलं.

मोटारीतली बाळाची सीट काढून थेट चाकांच्या सांगाड्यावर बसवायची सोयही दाखवली गेली. झोपलेलं बाळ न उठवता गाडीतून गाडीत नेता येतं, मोह पडतो. पण ती सीट अपघातात वाचवण्यासाठी बनवलेली असते. तिच्यात बाळ अर्धवट बसतं असतं, आणि लांबलचक झोपेसाठी ती योग्य नाही. थोड्या अंतरापुरती ठीक. आम्ही तो प्रकार सोडून दिला.

मोजपट्टी घेऊन लिफ्टचं दार, घराचं दार आणि डिकी मोजली होती. याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही, मोजून जावं. डिकीचं माप घेताना खोलीपेक्षा तिच्या तोंडाचं माप महत्त्वाचं ठरलं, एवढं खरं.

छताकडे मी आधी फारसं लक्ष दिलं नव्हतं. मैत्रिणीच्या गाडीवर पसरलेलं पातळ मलमल बघितलं आणि विचारात पडले. ऊन लागू नये म्हणून अख्खी गाडी कापडानं झाकायची पद्धत सगळीकडे दिसते. स्वीडनमधल्या एका वर्तमानपत्रानं याची उन्हात चाचणी घेतली होती: उघड्या गाडीत २२ अंश सेल्सिअस, पातळ कापड टाकल्यावर अर्ध्या तासात ३४, तासाभरात ३७. हवा खेळायची थांबते आणि बाळ दिसतही नाही. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही कोरड्या मलमलीनं आतलं तापमान वाढलं. ओलं मलमल आणि सोबत छोटा पंखा लावल्यावर मात्र ते उलट खाली आलं. म्हणून छत खोल हवं, पुढे ओढता येणारं, आणि वर जाळीची खिडकी असलेली. ती खिडकी चुंबकानं बंद होणारी मिळाली तर उत्तम. वेल्क्रोचा फर्र आवाज झोपलेल्या बाळाला हमखास उठवतो.

गाडी घरी आल्यावर दोन दिवस बाळाला तिच्यात ठेवलंच नाही. नवऱ्यानं चाकं बसवली की मी ती ओढून बघायचे. एक नीट "टक" न होता बसलं होतं, ते हातात आलं. उघडल्यावर सांगाडा खरोखर अडकलाय का हे दांडी खाली दाबून बघायचं, आणि उघडताना-मिटताना बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी कडेवर, निदान दोन पावलं लांब. घरात दुसरं कुणी नसेल तर आधी बाळ पाळण्यात, मग गाडी. दांडीला पिशव्या अडकवायच्या नाहीत, हे सासूबाईंना पटायला वेळ लागला. मग मी रिकाम्या गाडीला दोन भरलेल्या पिशव्या लावून दाखवल्या आणि मागे उलटणारी गाडी त्यांनी स्वतःच धरली. तेव्हापासून घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्याच हे प्रात्यक्षिक करून दाखवतात.

देखभाल फार नाही. चाकांच्या आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळले जातात आणि चाक जड होतं. मी ते जुन्या चिमट्यानं ओढून काढते. तेल घातलं तर धूळ चिकटते, सिलिकॉनचा फवारा बरा. पट्टे कोमट पाण्यानं पुसायचे, ब्लीच लावायचं नाही. कापड धुवून परत बसवताना पायांमधला पट्टा खाचेतून बाहेर काढायला विसरायचं नाही. तो आत राहिला तर बाहेरून काहीच कळत नाही.

एक उणीव मात्र या गाडीत आहे, आणि ती दुकानात लक्षात आली नव्हती असं नाही, आम्ही ती पत्करली. पाठ पूर्ण आडवी केली की खालची टोपली मागून बंद होते. तिच्यातलं काही काढायचं तर बाजूनं हात घालून चाचपावं लागतं. म्हणून लंगोट आणि दुपटं मी आता टोपलीत पुढच्या बाजूला ठेवते, छत्री मागे. पाऊस आला की सगळं उलट असायला हवं होतं असं वाटतं.